दिव्यांच्या पेटीचा नवस

नवस बोलले होते मी, काका, ह्या पेटीसाठी — न्हाई, आत्ताच्या दुरुस्तीचा न्हाई तो, आठ महिन्यांमागचा, माघातल्या संकष्टीला राजूरच्या गणपतीला बोललेला — पण ते मंग सांगते, आधी तुम्ही तो रेडिओ जरा सरकवता का, ही ठेवते इथं, माझे हात भरून आले. हां. बास. जड आहे ना? भोकरदनपासून मांडीवर घेऊन आले हिला, एसटीत. खाली ठेवायला मन होईना, खाली गचके बसतात. कंडक्टर म्हणाला, ‘बाई, हे काय, टीव्ही का?’ म्हणलं, न्हाई. ‘मंग देव्हारा का?’ म्हणलं, तसंच समजा. ‘मंग देवाला तिकीट न्हाई, पण चांगलं धरून बसा, राजूरच्या पुढं खड्डे आहेत.’ चांगला होता बिचारा. राजूर आलं तेव्हा सगळ्या गाडीनं खिडकीतून हात जोडले, कंडक्टरनं पण. मी न्हाई जोडले. माझे हात पेटीला होते ना. म्हणजे — असं मी शेजारच्या बाईला सांगितलं.

लोकांना पेटी म्हणलं की भजनाची वाटते. ही गिटारीची. गिटारीची तार हिच्यात लावायची, मंग हिच्यातून आवाज निघतो. आमचे हे अ‍ॅम्प म्हणतात, सासूबाई लेकाच्या नावानं म्हणतात ‘कल्याणचं खोकं’, मी आपली पेटी म्हणते. आत दिवे आहेत — तुम्ही वॉल्व म्हणता, हे ट्यूब म्हणतात, मला दिवेच दिसतात — पाच. दोन मोठे, तीन बारके. ते काढून वेगळे आणलेत, ह्या डब्यात, थांबा, उघडते. वातींचा कापूस आहे तो, फुटू नयेत म्हणून लावला. आणि काचेवर कुंकू दिसतंय ना, ते पुसू नका हं लगेच. पूजेचं न्हाई ते. म्हणजे पूजेचं पण आहे. पण कुठला दिवा कुठल्या घरात बसतो ते कळावं म्हणून एकाला एक टिकली, दुसऱ्याला दोन, अशा लावल्या, आणि आत पत्र्यावर पण तशाच लावल्यात, बघा. बराबर केलं ना? हसलात तुम्ही. हसा, हसा. हे पण हसले असते.

तुमचं नाव ह्यांनीच सांगितलेलं. फार आधी. म्हणाले, जुन्या जालन्यात राधेश्याम म्हणून एक जण आहेत, वॉल्वचे रेडिओ दुरुस्त करायचे, आता तसा माणूस मिळायचा न्हाई, ही कधी आजारी पडली तर त्यांच्याकडंच न्यायची. आजारी म्हणाले, काका. मशीनला. मी तेव्हा तोंड वाकडं केलं. आणि आज त्या कापडाच्या गल्लीत विचारत फिरले तर एक दुकानदार म्हणतो, ‘राधेश्यामकाका? ते दुकान उघडतात का अजून?’ त्याचा भाऊ आतून म्हणतो, ‘उघडतात की, पण गिऱ्हाइकासाठी न्हाई, दुपारच्या झोपेसाठी.’ रागावू नका. मी म्हणलं, झोपलेले असले तर उठवते, पण पत्ता सांगा.

काय झालं? बंद पडली. आपोआप. चालू होती, चालू होती आणि बंद पडली, एवढंच. न्हाई, पडली न्हाई. पाणी बिलकुल न्हाई. वास? आला ना वास. डांबराचा यावा तसा, रस्ता करताना येतो तो. तुम्ही उघडा ना मागचं, मी तोवर बोलते, मला बोलत बसायची सवय आहे आता. घरात आम्ही तिघं. सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि हे बोलत न्हाईत, मंग मी एकटीच तिघांचं बोलून राह्यले.

हे शाळेत विज्ञान शिकवायचे — शिकवतात. रजा आहे. कॉलेजात असताना संभाजीनगरला लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत, आमच्या लग्नात सासऱ्यांनी ते लपवून ठेवल्तं, मुलीकडच्यांना कळलं तर पोरगी देणार न्हाईत म्हणून. मंग गिटार खिळ्याला गेली. वीस-बावीस वर्षं खिळ्यालाच होती, मी दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसायची, देवाच्या तसबिरी पुसते तशी. तृप्तीचं, आमच्या पोरीचं, लग्न झालं, घर एकदम मोकळं पडलं आणि ह्यांनी एक दिवस गिटार खाली काढली. नुसती गिटार असती तर चाललं असतं, तिचा आवाज टिणटिण, चमचा वाटीला लागावा एवढाच. पण ह्यांना ही पेटी पाहिजे होती. कारखान्यातली न्हाई हं काका, ही एक माणूस हातानं बनवतो, तिकडं कोइमतूरला, वर्षाला दहा-बाराच, आतली एकेक तार त्यानंच जोडलेली. नंबर लावला तर तो म्हणे नऊ महिने थांबा. सासूबाई म्हणाल्या, ‘नऊ महिने? मंग पाळणा पण सांगून ठेव, कल्याण.’ आली त्या दिवशी ह्यांनी शाळेतून अर्धी रजा काढली. उघडून मला दाखवली — हे बघ, ह्या तारा कशा वळवल्यात, रांगोळीसारख्या. खरंच रांगोळीसारख्या होत्या. मी म्हणलं, झाकून ठेवा, धूळ बसंल.

रोज संध्याकाळी सातला. आधी एक बटण दाबायचं. मंग थांबायचं. दिवे हळूहळू लाल व्हायचे, आधी खालून, मंग वरपर्यंत. मंग दुसरं बटण. मधल्या वेळात घाई केलेली ह्यांना चालायची न्हाई, म्हणायचे, तिला तापू दे, ती उठून बसली की मंग बोलावं. तीच माझी सांजवातीची वेळ. मला एक काडी पुरायची, ह्यांना पाच मिनिटं लागायची. एका घरात दोन दिवे लागायचे, एक देवापुढं, एक ह्यांच्यापुढं, आणि मधे सासूबाई, दोघांना नावं ठेवायला.

फाल्गुनात ह्यांना झटका आला. सकाळी बूट घालत होते, दहावीच्या मुलांची प्रयोगाची परीक्षा होती, डाव्या बुटाची लेस हातातून सुटली, परत धरली, परत सुटली. मला वाटलं चेष्टा करून राह्यले. संभाजीनगरला दवाखान्यात बावीस दिवस काढले. डावा हात आणि डावा पाय. जीभ जड झाली, बोलतात, पण मोजकं, दिवसात चार शब्द. पाय जरा सुधारला, भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जातात. हात न्हाई. डावा हात आहे तसा मांडीवर पडून असतो, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवलेला असल्यासारखा. आणि गिटारीचे सूर डाव्या हातानंच दाबायचे असतात, उजवा नुसता छेडतो. हे मला तेव्हाच कळलं. एवढी वर्षं बघितलं पण कुठला हात काय करतो हे कधी बघितलंच न्हाई.

आमच्या शेजारी अक्षता आहे, ह्यांचीच विद्यार्थिनी, बारावीला. ती श्रावणात आली, म्हणाली, ‘काकू, गिटार द्या खाली.’ म्हणलं, कशाला त्यांना त्रास. ‘द्या तर.’ तिनं मोबाइलमध्ये बघून बघून सगळ्या तारा वेगळ्याच लावल्या, काही ढिल्या, काही ताठ, आणि म्हणाली, आता काहीच दाबायचं न्हाई, नुसत्या छेडल्या की पूर्ण सूर येतो. एका हाताचं काम. पेटी लावली. आधी एक बटण. मंग आम्ही थांबलो, अक्षता, मी, सासूबाई पण. हे बघत होते दिव्यांकडं. मंग दुसरं. गिटार मांडीवर ठेवली, उजवा हात धरून तारांवर ठेवला आणि ह्यांनी एकदाच, वरून खाली —

काय सांगू तुम्हाला. सगळं घर भरलं. एकाच सुरानं. ओट्यावरच्या वाट्या बारीक वाजल्या. सासूबाई, ज्यांना मी ओरडले तरी ऐकू येत न्हाई, त्या म्हणाल्या, ‘आला गं आवाज कल्याणचा.’ खोक्याचा न्हाई म्हणाल्या. कल्याणचा. आणि हे हसले. अर्ध्याच तोंडानं हसतात आता, पण हसले. तिथून मंग रोज सात वाजता. दहा मिनिटं, कधी पंधरा. तोवर उजवा चांगला असून तो पण उचलत नव्हते, मीच भरवायची; त्याच महिन्यात त्या हातानं स्वतः जेवायला लागले, शर्टाची बटणं लावायला लागले, एक दिवस डाव्या हाताचं बोट हललं म्हणून अक्षता ओरडली, मला काही दिसलं न्हाई, पण मी तिच्या हातावर साखर ठेवली.

किती वेळ चालू ठेवायचे? रोज? सांगितलं ना, दहा-पंधरा मिनिटं. न्हाई, बंद पडली त्या दिवशी… त्या दिवशी जास्त होती. किती? तुम्ही असं चष्म्याच्या वरून बघू नका, मला तृप्तीचे सासरे आठवतात. सांगते. सात दिवस.

सात दिवस, सात रात्री. एकदाही बंद केली न्हाई. लाईट जायची तेव्हा इन्व्हर्टरवर. आता तुम्ही कपाळाला हात लावलात, लावा, पण ऐकून घ्या. घट बसले होते. आमच्याकडं नऊ दिवस अखंड दिवा असतो, तुमच्याकडं पण असंल, तो विझू द्यायचा न्हाई, माझ्या हातून पंचवीस वर्षांत विझला न्हाई. ह्या वर्षी माझ्या मनात आलं, तेलाचा दिवा माझा झाला, ह्यांचा कुठं आहे? ह्यांचा दिवा तर हा. मंग मी देवीला म्हणलं, आई, नऊ दिवस ह्यांचा पण दिवा अखंड ठेवते, दसऱ्याला ह्यांचं डावं बोट हलू दे, माझ्या डोळ्यांना दिसंल इतपत. पेटी घटाशेजारी मांडली, पाटावर. पहिल्या माळेला हळदीकुंकू वाहिलं तिला. आणि काय दिसत होती, काका, अंधार पडला की घटातले कोंब त्या उजेडात लाल दिसायचे. हे खाटेवरून बघायचे. काही बोलले न्हाईत. म्हणाले असते ‘आशा, बंद कर, खराब होईल’, तर मी केली असती. पण ह्यांच्याकडं दिवसाचे चारच शब्द. तेवढ्यात ‘पाणी’ पण म्हणायचं असतं.

आता राहिलं ते. तुम्ही त्या मागच्या भोकाकडं बोट दाखवून राह्यले ना मघापासून. स्पीकरची तार. हो, ती निघाली होती. वाजवताना निघालेली होती. मला काय माहीत तारेशिवाय वाजवली की ही आतून जळते —

काढली. मी काढली. पेटी नुसती चालू असली तरी घूं घूं करते ना, चौथ्या माळेपासून सासूबाई म्हणायला लागल्या, ‘घटात माशा शिरल्यात का गं?’ जिला ढोल ऐकू येत न्हाई तिला तेवढं ऐकू आलं! मी विचार केला, मला उजेडच पाहिजे, आवाज कशाला. मागची तार ओढली, घूं घूं बंद, दिवे चालू. मला वाटलं किती हुशार झाले मी. सातला परत लावायची, वाजवून झालं की काढायची. पाचव्या माळेला लावली, सहाव्या माळेला लावली. सातव्या माळेला विसरले. सवाष्णी यायच्या होत्या जेवायला, पुरणाचा घाट होता, सात वाजून गेले, मी घाईनं गिटार ह्यांच्या मांडीवर दिली आणि कणीक मळलेल्या हातानंच दुसरं बटण दाबलं.

ह्यांनी हात टाकला. आवाज न्हाई. परत टाकला. नुसतं टिणटिण. माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, जोरात, जोरात छेडा, आणि ते आवाजाचं बटण फिरवलं, शेवटपर्यंत फिरवलं — हो, शेवटपर्यंत, सांगितलं ना, मला काय माहीत. हे छेडत राहिले. जोरात. मी इतक्या जोरात कधी बघितलं न्हाई त्यांना, बोटाचं कातडं निघालं. आणि आत एकदम निळं काहीतरी चमकलं, वीज चमकते तसं, टच्च आवाज, तो वास, आणि सगळे दिवे हळूहळू विझले. वरून खाली. माझा तेलाचा दिवा शेजारी तसाच जळत होता, त्याला काही घेणंदेणं न्हाई.

ह्यांनी उजवा हात वर धरला, डोळ्यांपुढं. उलटा केला, सुलटा केला. आणि म्हणाले, ‘हा पण गेला.’ तीन शब्द. त्या दिवशीचे तेवढेच.

त्यांना वाटलं हातातच जीव राहिला न्हाई. पेटी न्हाई, मी न्हाई — हात. मी म्हणलं, अहो, तार निघाली होती, हे बघा. खाटेखाली होती तार, दाखवली. तुमचा हात चांगला आहे, पेटी बिघडली. ते माझ्याकडं बघतात कसं, माहितीये? लहान पोराला इंजेक्शन देताना आपण सांगतो ना, मुंगी चावली म्हणून, आणि पोरगं बघतं, तसं. कारण फाल्गुनापासून मी तेच करून राह्यले. ‘आज चेहरा भरलेला दिसतो.’ ‘कालपेक्षा पाय जास्त उचलला.’ ‘डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत शाळेत जाल.’ डॉक्टर कुठं म्हणाले? कुणीच म्हणालं न्हाई. मीच म्हणाले. इतकं गोड खोटं वाढलं त्यांच्या ताटात की आता खरं पण त्याच वाटीतलं वाटतं. अक्षतानं सांगितलं, डॉक्टरांनी हात तपासला, म्हणाले ठणठणीत आहे. पण त्या दिवसापासून उजवा हात उचललाच न्हाई. घास मी भरवते. बटणं मी लावते. दोन्ही हात मांडीवर, शेजारी शेजारी, आता दोन्ही दुसऱ्याचेच.

म्हणून आले. ही वाजली तरच ते मानतील, काका. मी सांगून न्हाई मानायचे, डॉक्टर सांगून न्हाई, ह्यांचा आता हिच्यावरच भरवसा. कोइमतूरच्या माणसाला अक्षतानं फोन लावल्ता, तो म्हणाला पाठवा, पण सहा महिने लागतील. सहा महिने हात मांडीवर राहिला तर मंग तो खरंच जाईल, असं डॉक्टरच म्हणाले. हे मी बनवलेलं न्हाई.

तुम्ही नुसतं हुंगून राह्यले. बरं, बघा नीट, मी गप बसते.

…न्हाई बसवत गप. नवसाचं राहिलं ना सांगायचं. तुम्हाला वाटलं, बोलली असंल बाई, पेटी नीट यावी, नवऱ्याला यश यावं. मी पण सगळ्यांना असंच सांगते, घरात विचारलं तर म्हणते, माझा कुठलाच नवस बाकी न्हाई. सासूबाई हसनाबादला एका जाणत्या माणसाकडं जाऊन आल्या, दुखणं हटत न्हाई म्हणून, त्यानं सांगितलं, घरात कुणाचा तरी नवस फेडायचा राहिलाय. तिथून मंग सासूबाई रोज विचारतात. आधी स्वतःचे आठवून आठवून फेडले, सासऱ्यांच्या काळातले पण फेडले, मंग तृप्तीला फोन करून विचारलं, मंग अक्षताला पण विचारलं, ‘तू न्हाई ना गं काही बोललीस?’ मला विचारतात तेव्हा मी पीठ चाळत असते. पीठ चाळताना मान हलतेच. त्यांना वाटतं न्हाई म्हणते.

एकवीस नारळांचं तोरण. माघातल्या संकष्टीला, चंद्र बघून, ओटा पुसता पुसता बोलले. गणराया, ह्या घरातला ह्या पेटीचा आवाज बंद कर, तुला एकवीस नारळांचं तोरण वाहीन. असंच्या असं. आणि फाल्गुनातली संकष्टी यायच्या आत आवाज बंद झाला.

लवकर पावतो आमचा गणपती. सगळे म्हणतात.

आता सांगा, हे तोरण मी काय तोंडानं वाहू? वाहिलं तर त्याचा अर्थ होतो, देवा, तू केलंस ते माझ्या मनासारखं झालं, पावलास, हे घे. न वाहावं तर नवस बाकी राहतो आणि ह्यांचं दुखणं हटत न्हाई. नारळ आणलेत, काका. वैशाखातच आणले, कोठीत ज्वारीच्या पोत्यामागं ठेवलेत. मधून मधून जाऊन हलवून बघते. सहांतलं पाणी आटलंय. दोन तडकले. ते बदलून नवीन आणले, एकवीसचे एकवीस ठेवते. वाहत पण न्हाई, मोडत पण न्हाई.

आवाजाचा त्रास? न्हाई हो. आवाजाचा कसला त्रास. शेजारचे म्हणायचे, सासूबाई म्हणायच्या, मी पण त्यांच्यात माझं मिळवायची. पण खरं तसं न्हाई. हे रोज वाजवताना मला हाक मारायचे. ‘आशा, ऐक ना. हा असा.’ मंग बटण जरासं फिरवायचे. ‘आणि आता हा असा. कळला फरक?’ मी ओट्याशीच उभी राहून म्हणायची, ‘मला काय कळतंय त्यातलं, सारखंच आहे.’ हे हसायचे. दुसऱ्या दिवशी परत. ‘आशा, आता? आणि आता?’ ‘सारखंच.’ रोज. दीड वर्ष.

कळायचा, काका. पहिल्या दिवसापासून कळायचा. बटण खाली असलं की आवाज साधा, पातळ, गार दुधासारखा. वर वर नेलं की भरायला लागतो, आणि एक जागा येते — दूध उतू जायच्या आधी कसं भांड्याच्या काठाला येऊन थरथरतं, अजून सांडलेलं न्हाई पण आता सांडंल, तशी. त्या जागेवर हे थांबायचे. बराबर त्याच जागेवर. माझ्या हातातलं काम थांबायचं. पोळी करपायची. आणि मी म्हणायची, सारखंच आहे. का? तुम्हाला काय सांगू आता, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. ‘कळला’ म्हणलं असतं तर विचारणं संपलं असतं ना. लाड वाटायचा मला. पन्नाशीची होत आले, पोरगी सासरी गेली, आणि कुणीतरी रोज संध्याकाळी मला नावानं हाक मारून विचारतंय, कळलं का, कळलं का. मी कशाला कळल्याचं सांगू?

त्या माघातल्या संकष्टीला ह्यांनी विचारलं न्हाई. बटण फिरवलं, त्या जागेवर आणलं, स्वतःच ऐकलं, आणि पेटीकडं बघून मान हलवली. पेटीकडं. मी ओट्याशी उभी, तोंडात ‘सारखंच’ तयार. एक दिवस विसरले असतील. दमले असतील. परीक्षेची कामं होती, डोकं दुखतंय म्हणत होते दोन दिवस — ते डोकं दुखणं कशाचं होतं ते आता कळतं. पण मला तेव्हा वाटलं, संपलं, आता ह्यांना माझी गरज न्हाई, ह्यांचं ऐकणारं दुसरं आलंय घरात. आणि मी ओटा पुसता पुसता बोलले.

एवढंच. हे कुणालाच माहीत न्हाई. तुम्हाला का सांगितलं? तुम्ही पेटी उघडून बसलात, मंग मी पण —

काय म्हणलात? ट्रान्सफॉर्मर. कुठला, हा? हा काळा पडलेला. जळाला. दिवे शाबूत आहेत? पाचही? बघा, कुंकवाचे दिवे शाबूत आहेत. आणि हा नव्यानं गुंडाळायचा. तुम्ही स्वतः, हातानं? तुमचे हात तर — न्हाई, न्हाई, कापू द्या, माझ्या आजीचे कापायचे तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची. किती दिवस? पंधरा. दिवाळी होईल. चालेल. पंधरा दिवस मी भरवीन.

आणि आवाज? तोच येईल ना? तीच जागा, दुधाची?

…सांगता येत न्हाई. बरं. खरं बोललात ते बरं झालं. मला खऱ्याची सवय लागली पाहिजे. वेगळा आला तर येऊ द्या. ह्यांनी विचारलं, कळला का फरक, तर मी ह्या वेळी सांगीन. विचारलं तर. न विचारता पण सांगीन.

पण एक काम करा माझं. तुम्ही कुणाला मानता? तुमच्या मागं भिंतीवर फोटो आहे, धुरकट झालाय, पण हार ताजा आहे, म्हणजे मानता. मी आता काही मागत न्हाई, काका. मला भीती वाटते. माघात मागितलं, ते तसं झालं. नवरात्रात मागितलं, हे असं झालं. माझं तोंड उघडलं की देव ऐकतो, आणि मला काय म्हणायचं ते मलाच नीट कळलेलं नसतं. येताना राजूरला हात जोडले न्हाईत ते म्हणूनच. तुम्ही तुमच्या देवाला एक नवस बोला. माझ्यासारखा ओटा पुसता पुसता नका बोलू, हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून बोला. आणि पेटीचा आवाज येऊ दे एवढंच म्हणून थांबू नका. हात पण म्हणा. उजवा म्हणा, डावा म्हणा, नाव घ्या, कल्याण, भोकरदनचे, विज्ञानाचे सर. काय वाहायचं ते तुम्ही ठरवा, फेडायचं माझ्याकडं, माझ्याकडं नारळ आहेत. एवढं बोला ना काका.

आत्ता. मी रस्त्याकडं तोंड करून बसते.